मामांचं मनगट

“…पण मग त्या क्षणाचं माझ्याकडं राहिलं काय, बुवा?”

शाल्मलीनं फोन पुढं केला. मल्हारबुवा मठाच्या ओसरीवर पावटे सोलत बसले होते. त्यांनी हात धोतराला पुसले, फोन घेतला, लांब धरला, मग आणखी लांब धरला.

“हा कुणाचा हात?”

“मामांचा. मोबाइल वर धरून शूटिंग करत होते. अंतरपाट खाली आला आणि नेमका तेव्हाच…”

“हात झकास आलाय.”

“बुवा!”

फोटोत शाल्मली होती. मुंडावळ्या, नथ, हिरवा चुडा, सगळं जागच्या जागी. समोर नवरदेवाचा फेटा होता. आणि फेट्याखाली, जिथं चेहरा असायचा तिथं, मामांचं मनगट. घड्याळासकट.

अठराशे फोटोंत हाच एक तिला हवा होता, आणि हाच असा निघाला.

ती बुवांकडं सहा वर्षं हार्मोनियम शिकलेली. बुवांनी विचारावं आणि शाल्मलीला येऊ नये, असं कधी झालं नव्हतं. त्यामुळं निकाल आपल्याच बाजूनं लागणार, या खात्रीनं ती आली होती.

“फोटोग्राफर रविवारी यायला तयार आहे. तोच हॉल, तोच शालू. गुरुजीसुद्धा येतो म्हणालेत. अंतरपाट धरायचा, सोडायचा, संपलं. पाच मिनिटांचं काम! पण कौस्तुभ ऐकतच नाही. म्हणतो, लग्न एकदा झालं. आठ दिवस झाले, घरात धड बोलत नाही. जेवताना ‘मीठ दे’ म्हणतो, तेवढंच.”

“मग देतेस का?”

“काय?”

“मीठ.”

बुवांनी फोन बाजूला सालांत ठेवला.

कौस्तुभनं तिला मोटारसायकलवरून आणून सोडलं होतं, पण ओसरी काही तो चढला नव्हता. सरळ विहिरीकडं गेला. बुवांनी तिथंच त्याच्या हातात धुण्याची बादली दिली होती. माणूस रिकामा दिसला की बुवा एवढंच करत.

“मामांना बोलावणार का रविवारी?”

“छे! त्यांना कळूच द्यायचं नाही.”

“बरं.” बुवांनी एक शेंग उचलली. “अंतरपाट पडला, तेव्हा कसा दिसत होता गं जावई?”

“तेच तर! दिसतच नाही ना फोटोत.”

“फोटोतलं नाही विचारलं.”

शेंग फुटल्याचा बारीक आवाज झाला.

शाल्मलीला बोहलं आठवलं. मंगलाष्टकं संपत आली होती, आणि खालून फोटोग्राफर म्हणाला होता, ‘ताई, अंतरपाट खाली आला की इकडं बघा. लाइट इकडून आहे.’ एकदा सांगितलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. गुणी मुलगी.

“मी…”

बुवा सोलत राहिले.

“मी कॅमेऱ्याकडं बघत होते.” मग अगदी हळू, “म्हणूनच तो फोटो हवाय मला. मी बघितलंच नाही, बुवा.”

ती बोलणी खायच्या तयारीनं बसली. सूर चुकला की बुवा पेटीच्या भात्यावर हात ठेवत, तसा आत्ता ठेवतील असं तिला वाटलं.

बुवा उठले.

“मग बरोबर आहे तुझं. परत करायलाच पाहिजे.”

जिंकल्यावर वाटतं तसं काही तिला वाटलं नाही.

“रविवारी?”

“रविवारी माझं भजन असतं. आत्ता.”

अंगणात दोरीवर बुवांचं दुसरं धोतर नुकतंच पडलं होतं, निथळत. पलीकडं कौस्तुभ चिमटे लावत होता.

“जावईबापू, आहे तिथंच थांबा. हलू नका.”

बुवांनी शाल्मलीला अलीकडं उभं केलं. धोतराखालून तिला दोन ओले पाय दिसले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तिनं केस कानामागं घेतले. ‘कुठं बघू?’ म्हणून विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

“शुभमंगल…” बुवांनी भजनाचा खडा आवाज लावला, “…सावधान!”

आणि धोतर ओढलं. ते थेट चिखलात गेलं.

समोर कौस्तुभ होता. दातांत दोन चिमटे, हातात तिसरा. त्यानं धोतराकडं पाहिलं नाही, बुवांकडंही नाही.

शाल्मली बघत राहिली. त्याच्या डाव्या भुवईत एक बारीक खूण होती. महिनाभर एका घरात राहून तिला ती माहीत नव्हती.

“त्या दिवशीपण असाच बघत होतास?”

त्यानं दातांतले चिमटे काढले.

“त्या दिवशी जरा जास्तच.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू तिकडं बघत होतीस.”

तिचा हात सवयीनं फोनकडं गेला… फोन ओसरीवर होता. पावट्याच्या सालांत.

बुवा परत पायरीपाशी पोचले होते.

“बुवा,” तिनं तिथूनच विचारलं, “मग फोटोग्राफरला काय सांगू?”

बुवांनी चिखलाकडं बोट केलं.

“आधी ते परत धुवा. आणि पिळताना दोन टोकं दोघांनी धरा, एकट्याला पिळायचं नाही ते.”