दोन दोऱ्यांची झोळी

"महाराज, आता तुम्हीच सांगा. बाळ रडलं, तर रडू द्यायचं की उचलून घ्यायचं?"

चिन्मय अजून नीट बसलाही नव्हता. गावाबाहेरच्या मठात वृद्ध गोसावी दयाळगिरी नुकतेच भिक्षा मागून परतले होते आणि लिंबाखाली विसावले होते.

मागून त्याची बायको मधुरा आली. कडेवर आठ महिन्यांची जुई, डोळे चोळत किरकिरणारी.

"रडू दिलं की एकटं झोपायची सवय लागते," चिन्मय म्हणाला. "मी सगळं वाचलंय. पण हिला दोन मिनिटं दम धरवत नाही!"

"एवढं वाचलंयस, तर पुस्तकालाच पाजायला सांग," मधुरा म्हणाली. "महाराज, हा दाराला कडी घालतो. आत ती रडते, बाहेर मी. उद्या मी हिला घेऊन माहेरी चाललेय. परत यायचं की नाही, ते ठरवलेलं नाही."

महाराज उठले.

त्यांनी झोळीतलं पीठ परातीत ओतलं. कापड झटकलं, गाठी सोडल्या आणि लिंबाच्या आडव्या फांदीला बांधलं. भिक्षेची झोळी होती, बाळाची झाली. जुईला तीत निजवून त्यांनी दोन बाजूंना दोन दोऱ्या लावल्या. एक चिन्मयच्या हाती दिली, एक मधुराच्या.

"हं. द्या झोका."

चिन्मयने ओढली. मधुरानेही ओढली. झोळी मधल्या मध्ये ताठ उभी राहिली. जुईने भोकाड पसरलं.

"महाराज, ही सोडतच नाही!"

"आधी तू सोड!"

"दोघांचंही बरोबर आहे," महाराज म्हणाले. "म्हणून तर हलत नाही."

चिन्मय चिडला. निवाडा मागायला आलो आणि हे काय... पण लेकीचं रडणं समोर ऐकवेना. त्याने हात सैल केला. झोळी मधुराकडे गेली. मग तिने सैल केला. झोळी त्याच्याकडे आली.

गेली... आली... रडणं ओसरलं.

थोड्या वेळाने पलीकडून ओढ येईनाशी झाली.

"अगं, ओढ की..."

महाराजांनी ओठांवर बोट ठेवलं.

मधुरा बुंध्याला टेकून गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, दोरी तशीच मुठीत. चिन्मय बघत राहिला. जुई झाल्यापासून ती इतकी निवांत झोपलेली त्याने पाहिलीच नव्हती. पाहिली नव्हती, की पाहायचं सुचलंच नव्हतं?

त्याला उठून पाया पडावंसं वाटलं, पण दोरी सोडवेना. बसल्या जागीच त्याने मान लववली.

"महाराज... फार उपकार झाले."

झोका चालूच होता. झोळीच्या काठावरून जुई डोकावत होती. टक्क जागी. आईच्या चेहऱ्याकडे एकटक बघत.

"पण ही कुठे झोपलीय?" तो कुजबुजला.

"शिकतेय," महाराज म्हणाले.