काटेवाली आणि भित्री

डोंगरावर माणूस यायच्या आधी तिथल्या जांभळीवर कोतवाल पक्ष्याची चौकी होती. तरसाने फरफटत नेलेली साळू कशीबशी सुटून, लंगडत तक्रार घेऊन झाडाखाली आली.

"एवढे काटे असताना तुला कोण धरणार? जा घरी," कोतवाल म्हणाला.

साळूचा पाय निघेना. ती येरझाऱ्या घालत राहिली. इतक्यात फाटक्या कानाची ससुली रडत आली.

"तू पान हललं तरी पळतेस. कान झुडपात अडकला असेल," कोतवालाने तिलाही वाटेला लावलं.

साळूने तिला गाठलं. "कोण होता गं?"

"तरस."

साळू तिला घेऊन माघारी फिरली. "कोतवालसाहेब, मी काटेवाली, ही भित्री. मग तरसाने कुणाला फाडलं म्हणजे तुम्ही उडाल?"

कोतवाल नुसता फांद्या बदलत राहिला. दोघी बुंध्याशी बसल्या त्या हलल्याच नाहीत. उन्हं कलताना अखेर तो तरसाच्या गुहेकडे उडाला.