आफरीनची मूठ

“पण माई, माझं दार कधी लावणार?”

शार्दूलनं हे विचारलं तेव्हा त्याच्या पांढऱ्या कोटाला कडक इस्त्री होती, आणि मानही तशीच ताठ होती.

मिरजेत माई रणभिसेंच्या दवाखान्याची एक रीत होती. सेरेब्रल पाल्सीनं हातपाय आखडलेली मुलं तिथं यायची. कुणाला ॲक्युपंक्चरच्या सुया, कुणाला मालिश, बऱ्याच जणांना दोन्ही. शिकणारा डॉक्टर मुलाला हात लावी तेव्हा खोलीचं दार सताड उघडं असे आणि समोर व्हरांड्यात माई वेताच्या खुर्चीत. ज्या दिवशी माई स्वतः उठून दार लावतील, त्या दिवशी तो तयार झाला. तोंडानं त्या काही सांगायच्या नाहीत.

शार्दूलला घाई होती. सांगलीचं नवं केंद्र त्याच्या हाती द्यायचं घाटत होतं. तिथली माणसं आजच यायची होती, आणि दार लागलं नाही तर केंद्र दुसऱ्याला जाणार होतं. खरं सांगायचं तर पोरगा होताच हुशार. त्याची सुई कधी लागली ते मुलाला कळायचंही नाही. आया त्याचंच नाव घेऊन रांगेत बसायच्या. हे सगळं त्याला पक्कं ठाऊक होतं, हीच काय ती अडचण.

माई म्हणाल्या, “आफरीनला घे.”

आफरीन सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीतली, चार वर्षांची. उजवी मूठ कायम आवळलेली, अंगठा आत. आई दिलशाद तिला मांडीवर घेऊन बसली.

शार्दूलनं सुया लावल्या, वेळ झाल्यावर काढल्या. मग कोमट तेल घेऊन खांद्यापासून मनगटापर्यंत चोळत उतरला. हात सैल पडला, बोटं उलगडली. झकास काम झालं होतं. त्यानं व्हरांड्याकडे एक नजर टाकली.

तेवढ्यात मूठ परत आवळली, आणि नेमकी त्याच्या कोटाची बाही तिच्यात सापडली.

शार्दूल मनातून चरफडला. हातातोंडाशी आलेलं यश निसटत होतं. पण गडी डगमगला नाही. मनगट अलगद वाकवलं, अंगठ्याच्या बुडाशी दाबलं, एकेक बोट सोडवलं आणि तो मोकळा तळहात माईंना दाखवला.

“सुटली की नाही?”



दिलशादचे डोळे भरून आले होते. आनंदानं असतील, असं त्याला वाटलं.

“का आवळली होती?” माईंनी विचारलं.

“आखडली, माई. नेहमीसारखी.”

“अंगठा कुठं होता?”

शार्दूलनं चुरगळलेल्या बाहीकडे पाहिलं.

अंगठा बाहेर होता. आखडलेल्या मुठीत अंगठा आत जातो, हे नव्या पोरांना तोच घसा फोडून शिकवायचा.

“तिनं धरलं होतं तुम्हाला,” दिलशाद हळूच म्हणाली. “आजवर कधी काही धरलं नव्हतं हो तिनं.”

शार्दूलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं खाली बसून बाही पुन्हा तिच्या हाताजवळ नेली.

आफरीननं तोंड फिरवलं. तो तसाच बसून राहिला. गुडघे दुखले, कोट चुरगळला, बाहेर रांगेतली माणसं कुरकुरायला लागली.

मग एक बोट हललं... मग दुसरं. अंगठा बाहेरून आला आणि बाही मुठीत गेली. पोरीच्या चेहऱ्यावर काय तो तोरा! दिलशादची पाठ आपोआप ताठ झाली.

फाटकाशी गाडी थांबली. सांगलीची माणसं आलीत, तुला बोलावतायत, असं माईंनी व्हरांड्यातून सांगितलं.

“बसू दे त्यांना,” शार्दूल म्हणाला. “नाहीतर जाऊ दे. मला आफरीननं धरलंय, माई.”

आपल्या पदवीबद्दलसुद्धा तो एवढ्या अभिमानानं कधी बोलला नव्हता. वर दिलशादला मोठमोठ्यानं सांगायलाही लागला, बघितलंत ना, कशी घट्ट धरलीय तिनं.

माई खुर्चीतून उठल्या. दाराची कडी हातात घेऊन त्यांनी दार ओढत आणलं, आणि उरलेल्या फटीतून म्हणाल्या,

“हळू बोल. तिचं काम चाललंय.”