घसरणारा क्लच

कोल्हापुराकडं दस्तगीर मिस्त्री नावाचा एक म्हातारा होता, आणि त्याला सोडून गेलेला बळवंत नावाचा त्याचा एक चेला होता.

पाच वर्षांनी चेला परत आला, तो दारातूनच विचारत.

"उस्ताद, तिसरा गिअरबॉक्स गेला. खोट कुठं आहे?"

म्हातारा बाकावर बसून खांदा चोळत होता. आधी बस, म्हणाला. मग म्हणाला, दात दाखव.

बळवंतनं हातातलं फडकं सोडलं. गिअरचे तुटके दात, पाच. म्हाताऱ्यानं एकेक बोटांत फिरवला. झिजलेला एकही नव्हता. सगळे एका फटक्यात मोडलेले.

गाडी ढवळे शेठची. बळवंतनं तिच्या इंजिनाची ताकद दुप्पट केली होती. गिअरबॉक्स मात्र दर वेळी मूळच्याच जातीचा. रविवारी घाट चढायची शर्यत. तिथं पुन्हा दात मोडले, तर शेठ गाडीही नेणार होता आणि शेडही. बळवंतच्या गॅरेजची शेड त्याचीच. तिच्या माळ्यावर बळवंतची बायको आणि तान्ही पोर राहत होती.

"क्लच कुठला घातलास?"

बळवंतनं छाती काढून सांगितलं. जुना घसरायचा, म्हणून फेकून दिला. नवा कडक घातला. पाय उचलला की पकडतो, तसूभर सुटत नाही.

"आणि पाय कसा उचलतोस?"

"झटक्यात. शर्यत आहे उस्ताद, वरात नव्हं."

"वरातीतली घोडी घरी तरी येती, बळ्या."

...

म्हाताऱ्यानं तळहाताला ऑइल लावलं नि हात पुढं केला. धर म्हणाला, आणि दे हिसका.

बळवंतनं दिला. हात सटकला. बळवंत मागं टायरांच्या ढिगावर जाऊन बसला आणि हसला.

मग म्हाताऱ्यानं ते फडकं दोघांच्या मनगटांभोवती गुंडाळलं. एक टोक दातात धरून गाठ आवळली.

"आता दे."

"उस्ताद, तुमचा खांदा..."

"दे."

बळवंतनं दिला. कट्ट वाजलं. म्हातारा पांढरा पडला, पण ओरडला नाही.

...

"फडक्याला काय झालं?"

"काही नाही."

"गाठीला?"

"काही नाही."

"मग हिसका गेला कुठं?"

बळवंतनं म्हाताऱ्याच्या खांद्याकडं पाहिलं. मग खाली मान घालून तो गाठ सोडू लागला.

रविवारी गाडीत जुन्या जातीचा क्लच होता. चढावर तो दोनदा घसरला, जळका वास सुटला, बघणारे हसले. दात राहिले. पहिला नंबर नाही आला, तिसरा आला. पण त्या गाडीनं घाटमाथा पहिल्यांदाच पाहिला. शेठ खूश झाला, शेड त्यानं बळवंतच्या नावावर करून दिली. माळ्यावरची तान्ही पोर त्याच शेडमध्ये पहिली पावलं टाकायला शिकली.

पेढे घेऊन बळवंत उस्तादाकडं गेला. पाया पडला, आणि राहवेना म्हणून विचारलंच.

"उस्ताद, पुढल्या साली पहिला यायचं तर काय करू?"

म्हाताऱ्यानं पेढा तोंडात टाकला. मग बरा असलेला हात पुढं केला.

"उठव मला... हळू."