एडक्याचा ओस आखाडा

माणसांनी कुस्तीचे आखाडे खणले, त्याच्याही आधीची ही गोष्ट. माळावरच्या बाभळीखाली जनावरांचा आखाडा होता. चरून झालं की सगळी तिथे गंमत म्हणून झुंजायची. एडका त्यांत सर्वांत तरबेज.

एकदा ससा पहिल्यांदाच आखाड्यात उतरला. रिवाजाप्रमाणे मातीला हात लावायला वाकला, तोच धाडकन बाहेर जाऊन पडला.

"काय झालं?" त्याने धूळ झटकत विचारलं.

"हरलास. सराव कर," एडका म्हणाला.

"कशाचा? मला तर तुमचं शिंगसुद्धा दिसलं नाही!"

मग वासराचं तेच झालं, माकडाचंही तेच.

एके दिवशी एडका आला, तर आखाड्यात चिटपाखरू नाही. ओढ्याकडून हसण्याचा आवाज आला म्हणून तो धावला, आणि त्याचे डोळेच पांढरे झाले. म्हातारा रेडा वाळूत उताणा, आणि त्याच्या पोटावर ससा!

"रेडेबुवा! सशाने पाडलं तुम्हाला?"

"छे रे, पाय कुठे घालायचा ते दाखवत होतो. उद्या मात्र खरंच पाडेल बघ."

एडका सशाकडे वळला. "मग आखाड्यात का येत नाहीस?"

"तिथे माझं काय काम?" ससा म्हणाला. "तुम्हाला नुसती धडकच द्यायचीय ना? बाभूळ आहे की."