खिळ्यावरची किल्ली

एकदा एक शिष्य दोन वस्त्यांतील घरांच्या दरांचा तक्ता घेऊन आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला. त्याचे नाव श्रीरंग. कासारआळीतील जागेत तो आईसह राहत असे. ती जागा विकून नदीपलीकडच्या नव्या वसाहतीत फ्लॅट घ्यायचे त्याने ठरवले होते. आळीतले भाव सात वर्षे जागचे हलले नव्हते. पलीकडे ते दुप्पट झाले होते. शुक्रवारी इसार द्यायचा होता. अशा तक्त्यात चूक काढणे ब्रह्मदेवालाही जड जावे. गुरुजी एवढेच म्हणाले, की दोन्हीकडे एकदा जाऊन येऊ.

नव्या वसाहतीत गुरुजींनी श्रीरंगच्या ठरलेल्या फ्लॅटसमोरच्या घराची बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या गृहस्थांपुढे स्वतःच्या घराची किल्ली धरली. हा समोर राहायला येणार आहे, आमची ही किल्ली तुमच्याकडे ठेवाल का, असे विचारले. गृहस्थांनी दचकून दार लावून घेतले आणि दोन मिनिटांत पहारेकरी वर आला. श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखे झाले. या वयात गुरुजींना हे काय सुचले, ते त्याला कळेना.

तिथून दोघे कासारआळीत आले. श्रीरंगच्या शेजारणीला, पद्माकाकूंना, आळीची रीत ठाऊक असलेल्या गुरुजींनी दारामागचा खिळा दाखवायला सांगितले. खिळ्याला शेजारच्या घरांच्या तीन किल्ल्या होत्या. लाल दोरीची किल्ली श्रीरंगच्या घराची निघाली. ती इथे कशी, असे त्याने विचारताच काकू घुटमळल्या.

"तुझ्या आईनं सांगू नका म्हटलं होतं रे. श्रावणात एका दुपारी कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद होईना. तुमच्याकडे तीनच होतात. म्हणून या किल्लीनं दार उघडून आत गेले, तर ती ओट्यापाशी बेशुद्ध पडलेली."

काकूंनीच डॉक्टर आणले होते. त्याच संध्याकाळी आईने त्याला गरम पोळ्या वाढल्या होत्या, आणि तो जेवता जेवता नव्या वसाहतीचे भाव सांगत बसला होता.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "नवी वस्ती वाईट नाही, बाळ. ते गृहस्थही वाईट नव्हेत. अनोळखी माणसाची किल्ली कोण घेईल? तिथंही कधीतरी असा खिळा ठोकला जाईल. पण त्याला दहा-बारा वर्षं लागतात. तुझ्या आईजवळ तेवढी आहेत का, हे तक्त्यात मांडायचं राहिलं."

शुक्रवारी इसार दिला गेला नाही. त्या संध्याकाळी घरी कुकर लागला, तेव्हा श्रीरंगने आयुष्यात प्रथमच शिट्ट्या मोजल्या. तिसरीनंतर आईने गॅस बंद केला, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.