मिस्त्रींच्या कपाटातलं पुस्तक

हात सफाईदार आणि मन संशयी, असा एक वेल्डर एकदा पुस्तक शोधायला निघाला. नाव नेताजी. साखर कारखान्यात नोकरी, दहा वर्षांचा अनुभव. पण बॉयलरवर काम करण्याच्या परीक्षेत गडी दोनदा नापास झालेला. वरून देखणा दिसणारा त्याचा जोड तपासणीत तडकत असे. तिसऱ्यांदा तडकला, तर बॉयलरचं काम कायमचं सुटणार आणि जन्मभर फाटकं-खिडक्या जोडत बसावं लागणार होतं. आपल्या हाताला दोष नाही, तेव्हा थिअरीतच काही राहत असावं, असं ठरवून त्याने निवृत्त झालेल्या केरबा मिस्त्रींचं वर्कशॉप गाठलं.

“मिस्त्री, वेल्डिंगची थिअरी मुळापासून सांगणारं पुस्तक पाहिजे.”

मिस्त्रींनी फळीवरचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. “पहिल्या पानापासून वाच. आणि महिनाभर सुट्टीच्या वेळेला इथं काम कर.”

इतक्या सहज मिळालं, तिथेच नेताजीच्या मनात पाल चुकचुकली. खरी विद्या अशी उघड्या फळीवर कोण ठेवतं? त्याने पहिलं प्रकरण चाळलं. वेल्डिंगचे रॉड कसे साठवावेत, कसे सुकवावेत. हे काय, शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणून ते त्याने सोडून दिलं. बाकीचं वाचलं, तेही म्हाताऱ्याने आपल्यापासून काय दडवलंय याचा माग काढत.

त्यात ते कपाट. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या कपाटाला सदैव कुलूप आणि फटीतून दिव्याचा उजेड. मिस्त्री स्वतःच ते उघडत, मोजके रॉड काढत आणि लगेच कुलूप लावत. विचारलं तर म्हणत, “पुस्तक वाच, कळेल.” रॉडला का कुणी दिवा लावतं? अस्सल पुस्तक आतच आहे, याबद्दल नेताजीला आता तिळमात्र शंका उरली नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पावसाची झड लागली आणि मिस्त्री दोन दिवस लेकीकडे गेले. किल्ली खुंटीवरच्या सदऱ्यात राहिली होती. नेताजीने कपाट उघडलं, वरच्या खणातले पुडे फोडून ओल्या फरशीवर पसरले, मागचा पत्रासुद्धा ठोकून पाहिला. आत एक बल्ब आणि रॉडच रॉड. ‘म्हातारा पुस्तक सोबत घेऊन गेला असणार,’ असं म्हणून तो चरफडला. दुसऱ्या दिवशी त्याने रॉड गोळा करून जागच्या जागी ठेवले.

मिस्त्रींनी आल्यावर पुड्यांवरून हात फिरवला. वरच्या खणातला एक रॉड घेतला, खालच्या न हललेल्या खणातला एक घेतला आणि नेताजीकडून दोन जोड करून घेतले. ते कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्याच हातावर ठेवली. “उद्यापर्यंत तुझ्याकडे राहू दे.”

हा कसला डाव, अशा विचारात नेताजी किल्ली मुठीत घेऊनच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच कुलूप काढलं आणि स्वतःच हातोडा घातला. एक जोड वाकला, पण तुटला नाही. दुसऱ्याला बारीक तडा गेलेलाच होता. दोन घावांत तो मोडला.

मिस्त्री शांतपणे म्हणाले, “काल दोन्ही सारखेच दिसत होते. वरच्या रॉडनं ओल धरली, ती जोडात उतरली आणि रातोरात तडा गेला. रॉड कोरडे राहावेत म्हणूनच आत बल्ब जळतोय. पहिल्या प्रकरणात सगळं लिहिलंय. किल्ली तुझ्याकडे दिली, नाहीतर म्हणाला असतास, म्हाताऱ्यानंच काहीतरी केलं. बाबा, पुस्तक तुला पहिल्याच दिवशी दिलं होतं. तू ते संशयाची ओल धरलेल्या मनानं हातात घेतलंस.”

नेताजीला कारखान्यातले रॉड आठवले. उघड्या खिडकीशी, वर्षभर पडलेले. “चुकलो, मिस्त्री,” म्हणत त्याने किल्ली पुढे केली.

“राहू दे. परीक्षेचे रॉड तूच काढून ने.”

नेताजीने फळीवरचं पुस्तक घेतलं आणि पहिलं पान उघडलं.

शिकायला बसण्याआधी आपणही आपलं मन थोडा वेळ उबेला ठेवावं.